बारा कुर्ते आणि खर्चाचे गणित

उत्पादन किती काढायचे हे आधीच ठरलेले आहे. ते कमीत कमी पैशांत कसे काढायचे, एवढेच शोधायचे आहे. सूक्ष्म अर्थशास्त्रात या प्रश्नाला खर्चाचे न्यूनतमीकरण म्हणतात. माल खपेल का, नफा किती होईल, ही भानगड नंतरची.

लखनौचा एखादा चिकनकारीचा, म्हणजे तिथल्या भरतकामाचा, कारखाना डोळ्यांसमोर आणावा. बारा कुर्त्यांची मागणी आली आहे. माल हातकामाचे तास आणि यंत्राचे तास मिळून तयार होतो, आणि दोन्हींच्या गुणाकाराचे वर्गमूळ म्हणजे कुर्त्यांची संख्या, असे सोयीसाठी धरू. हाताचा तास ४० रुपये, यंत्राचा १६०. हे बाजारभाव नव्हेत, उदाहरणापुरते आकडे आहेत. हाताचे ३६ आणि यंत्राचे ४ तास घेतले तर खर्च २,०८० रुपये. हाताचे १६ आणि यंत्राचे ९ घेतले तरी २,०८०च. २४ आणि ६ तासांत तेच बारा कुर्ते १,९२० रुपयांत होतात. याहून स्वस्त जोडी सापडत नाही.

का सापडत नाही? २४ आणि ६ या जोडीवर यंत्राचा एक तास चार हाततासांची जागा भरून काढतो, आणि बाजारातही त्याची किंमत चार हाततासांएवढीच आहे. १६ आणि ९वर मात्र यंत्राच्या शेवटच्या तासाने जेमतेम पावणेदोन हाततासांचे, म्हणजे सुमारे ७१ रुपयांचे काम वाचते, आणि त्यासाठी १६० रुपये मोजावे लागतात. अशा वेळी यंत्र कमी करून माणसे वाढवणेच शहाणपणाचे. आलेखावर सारखेच उत्पादन देणाऱ्या जोड्यांच्या समउत्पादन वक्राला सारख्याच खर्चाच्या जोड्यांच्या समखर्च रेषेचा जिथे स्पर्श होतो, त्या बिंदूने हाच मुद्दा दाखवतात.

हा स्पर्शबिंदू छापील पुस्तकात आयता मिळतो. वक्र, तीन समांतर रेषा, बिंदू, सगळे एकाच वेळी कागदावर असल्याने आधी काय काढले आणि का, हे विद्यार्थ्याला कळत नाही. व्हिडिओ पाठाचा खरा उपयोग इथे होतो. आधी वक्र उमटतो आणि तो जागचा हलत नाही, कारण उत्पादन ठरलेले आहे. मग खर्चाची रेषा सरकत सरकत आत येते आणि वक्राला टेकून थांबते. केंद्र सरकारचे ‘स्वयम्’ हे ऑनलाइन पाठांचे व्यासपीठ २०१७ साली सुरू झाले. आयआयटींच्या ‘एनपीटीईएल’चे पाठ त्याआधीपासून आहेत, आणि अमेरिकेतील एमआयटीने जोनाथन ग्रुबर यांची सूक्ष्म अर्थशास्त्राची व्याख्याने फुकट खुली केली आहेत. लखनौ विद्यापीठाच्या विद्यार्थ्याला हे सारे मोबाइलवर मिळते. अडचण एकच: पाहताना सगळे समजल्यासारखे वाटते. रेषा टेकण्यापूर्वी पाठ थांबवून, कागद घेऊन, २४ आणि ६ स्वतः काढल्याशिवाय हे गणित अंगवळणी पडत नाही. अट पाळून किमान खर्च शोधण्याची लग्रांजची पद्धत तर नुसती पाहून कुणालाच येत नाही.

आता कारखान्यात हातकामाची मजुरी तासाला ९० रुपये झाली असे समजू. यंत्रे लगेच वाढवता येत नाहीत, म्हणून कारखानदार २४ आणि ६वरच अडकतो. खर्च ३,१२० रुपये. पुढे यंत्रे वाढवण्याची मुभा मिळाली, की तो १६ आणि ९वर येतो आणि खर्च २,८८० होतो. मधले २४० रुपये हीच अल्पकाळ आणि दीर्घकाळ यांच्या खर्चातली तफावत. आधी महाग पडलेली जोडी आता स्वस्त ठरली, हेही पाहण्यासारखे आहे.

प्रत्यक्षातले चिकन मात्र या सुबक वक्रात बसत नाही. कापडावर ठशांनी निळी छपाई होते, मग मुर्री, फंदा, जाळी असे टाके घातले जातात, शेवटी धुलाई. यंत्राची नक्षी आणि हाताची नक्षी गिऱ्हाइकाला सारखीच वाटली, तर वक्राची सरळ रेषा होते, स्पर्शबिंदू उरत नाही आणि स्वस्त असेल ते एकच साधन सगळे काम खाऊन टाकते. यंत्राच्या भरतकामाशी असलेल्या स्पर्धेचे मूळ इथे आहे. लखनौच्या चिकनला २००८ साली भौगोलिक मानांकन मिळाले. अर्थशास्त्राच्या भाषेत त्याचा अर्थ असा, की हे दोन माल एकाच वक्रावर मांडू नयेत.

दुसरी गोष्ट मजुरीची. टाके घालणाऱ्या बायका बहुतेक घरी बसून काम करतात आणि पैसे नगावर मिळतात, तेही मध्यस्थाच्या हातून. ‘तासाला ४० रुपये’ असा भाव तिथे कुणी सांगत नाही. १९२१ साली लखनौ विद्यापीठात आलेले अर्थशास्त्रज्ञ राधाकमल मुखर्जी आणि त्यांचे सहकारी पाठ्यपुस्तकी सिद्धांतांना स्थानिक संस्था, रूढी यांची जोड हवी असे मानत. इथे त्यांचा आग्रह पटतो. एखाद्या गावात काम देणारा मध्यस्थ एकच असेल, तर मजुरी त्याला बाजारातून ठरलेली मिळत नाही. जास्त बायका हव्या असतील तर त्याला दर वाढवावा लागतो, आणि तो वाढीव दर आधीच्या बायकांनाही द्यावा लागला, तर एका जादा तासाचा त्याला पडणारा खर्च मजुरीपेक्षा मोठा होतो. स्पर्शाच्या अटीत मग मजुरीच्या जागी हा जादा खर्च धरावा लागतो. परिणामी मध्यस्थ हातकाम स्पर्धेच्या बाजारात घेतले असते त्यापेक्षा कमी घेतो, आणि दरही कमी देतो.