यंत्रकासवाची शाळा

मुलांना यंत्रमानवाच्या साह्यानें ‘कोडिंग’ शिकविणें ही एक नवी टूम आहे, असें पुष्कळ पालक समजतात. कोणी तिच्यामागें डोळे मिटून धांवतात, तर कोणी ‘हीं श्रीमंतांचीं खेळणीं’ म्हणून नाक मुरडतात. आमच्या मतें दोन्ही पक्ष उतावळे आहेत. या कल्पनेस अर्धशतकाहून अधिक काळ लोटला असून तिचा जन्म एका शिक्षणविचारांतून झाला आहे. तो विचार समजून घेतल्यावांचून तिची स्तुति वा निंदा करणें युक्त नव्हे.

कोडिंग म्हणजे यंत्रास कळेल अशा भाषेंत क्रमवार व निःसंदिग्ध आज्ञा लिहिणें. ज्यांनीं पाणिनीच्या सूत्रांचें अध्ययन केलें आहे, त्यांना ही गोष्ट अगदींच परकी वाटूं नये. सुमारें ४,००० सूत्रांत त्या महर्षीनें भाषा बांधली. कोणतें सूत्र कोठें येतें यावर त्याचें कार्य अवलंबून ठेविलें. आणि तुल्यबळ अशा दोन सूत्रांचा विरोध आला असतां पुढचें बलवान, असा निर्णयही देऊन ठेविला. आज्ञेचा क्रम चुकला कीं रूप बिघडलें, हा अनुभव वैयाकरणाला जसा, तसाच संगणकाला आज्ञा देणाऱ्यालाही येतो.

सेमूर पेपर्ट हे दक्षिण आफ्रिकेंत १९२८ सालीं जन्मलेले गणिती. जिनीव्हा येथें बालमानसशास्त्रज्ञ झां पियाजे यांच्या सहवासांत त्यांनीं कांहीं वर्षें काढलीं. मूल ज्ञान आयतें घेत नाहीं, तें स्वतः रचीत जातें, ही पियाजे यांची शिकवण त्यांच्या मनांत खोल रुजली. पुढें अमेरिकेंत १९६७ सालीं वॉली फॉइरझाइग व सिंथिया सॉलोमन यांच्यासह त्यांनीं मुलांकरितां ‘लोगो’ नांवाची संगणकभाषा तयार केली. थोड्याच वर्षांत तिच्या जोडीस जमिनीवर चालणारें एक यंत्रकासव आलें. नांवाची परंपरा त्याहून जुनी. ग्रे वॉल्टर या शास्त्रज्ञानें ब्रिस्टल येथें १९४८-४९ च्या सुमारास प्रकाशाकडे सरकणारीं यंत्रकासवें बनविलीं होतीं. पेपर्ट यांच्या कासवाच्या पोटाशीं लेखणी असे, आणि मुलाच्या आज्ञेप्रमाणें तें कागदावर रेघ ओढीत जाई.

‘पुढें १००, उजवीकडे ९०’ ही आज्ञा चार वेळां दिली कीं चौरस होतो. आतां समभुज त्रिकोण काढावयाचा आहे. त्याचा कोन ६० अंशांचा, हें मुलाला पाठ असतें. म्हणून तें ‘पुढें १००, उजवीकडे ६०’ असें तीन वेळां सांगतें. कासव निमूटपणें निघतें आणि त्रिकोणाऐवजीं अर्धा षट्कोन काढून थांबतें! मूल गोंधळतें. मग तें स्वतः उठून जमिनीवर तशींच पावलें टाकून पाहतें, आणि त्याच्या ध्यानांत येतें कीं वळावयाचें तें बाहेरच्या कोनांतून, म्हणजे १२० अंश. तीन वळणें मिळून ३६० झालीं. चौरसाचींही तेवढींच झालीं होतीं. हा सिद्धान्त आम्ही फळ्यावर वर्षानुवर्षें सांगत आलों. परंतु पायांनीं चालून मिळविलेला सिद्धान्त परीक्षेनंतरही टिकतो.

या शिक्षणाचें खरें मर्म येथेंच आहे. शाळेंत उत्तरावर तांबडी शाई पडली कीं उदाहरण संपतें, आणि मुलाच्या मनांत उरते ती लाज. अशीं लाजलेलीं किती तरी मुलें पुढें गणिताचें नांव काढलें तरी अंग चोरतात. यंत्र रागावत नाहीं, हंसत नाहीं, गुणही कापीत नाहीं. सांगितलें तेवढेंच करून दाखवितें. चूक कोणत्या आज्ञेंत आहे तें शोधावें, एक शब्द बदलावा, पुन्हां चालवून पाहावें, ही संवय ज्यास लागली त्याला अपयशाचें भय राहत नाहीं.

खऱ्या चाकांचा यंत्रमानव तर आणखी एक धडा देतो. चाकाचा व्यास ५६ मिलीमीटर असला तर परिघ सुमारें १७६ मिलीमीटर होतो; अर्थात् एक मीटर जाण्यास चाकाचे सुमारें पावणेसहा फेरे हवेत. हिशेब बिनचूक असूनही यंत्र किंचित् अलीकडे वा पलीकडे थांबतें, कारण चाक घसरतें, जमीन सारखी नसते. पुस्तकांतलें गणित आणि जग यांमधील हें अंतर मुलानें लहानपणींच पाहिलेलें बरें. अमेरिकेंत १९९८ सालीं सुरू झालेल्या ‘फर्स्ट लेगो लीग’ या स्पर्धेंत मुलांचे संघ आपला यंत्रमानव अडीच मिनिटांच्या फेरींत चालवितात. त्यांच्या यंत्राबरोबर त्यांचें परस्परांशीं वागणेंही पारखलें जातें.

आपल्या देशांत १९१६ नव्हे, तर २०१६ पासून म्हणजे अगदीं अलीकडे, सरकारच्या ‘अटल टिंकरिंग लॅब’ योजनेनें सहावी ते बारावीच्या विद्यार्थ्यांसाठीं ही सोय होऊं लागली. प्रत्येक शाळेस २० लाख रुपयांपर्यंत अनुदान ठेविलें असून अशा प्रयोगशाळांची संख्या १०,००० पर्यंत गेली आहे. तथापि सामग्री म्हणजे शिक्षण नव्हे. पाहुण्यांपुरतें कपाट उघडावें, आज्ञावली फळ्यावरून उतरवून घ्यावी, हें होऊं लागलें तर ती नव्या वेषांतली घोकंपट्टीच. पेपर्ट यांच्या १९८० च्या ग्रंथावरून ज्याचें नांव पडलें, तो लेगो कंपनीचा ‘माइंडस्टॉर्म्स’ संच १९९८ सालीं निघाला आणि २०२२ अखेर बंदही झाला. संच येतील व जातील; विचार करण्याची रीत मात्र राहिली पाहिजे.

शेवटीं गृहिणींस व गृहस्थांस एक सुचवावेंसें वाटतें. संच घेण्याची ऐपत नसली तरी अडत नाहीं. अंगणांत खडूनें चौकटी आंखाव्या. एका मुलानें यंत्र व्हावें, दुसऱ्यानें आज्ञा लिहून द्याव्या, आणि यंत्रानें लिहिल्याबाहेर एक पाऊलही टाकूं नये. या खेळांत मुलगी केवळ पाहत उभी राहणार नाहीं, तिच्याही हातीं आज्ञेचा कागद येईल, एवढी दक्षता वडील माणसांनीं घ्यावी. आणि यंत्र भिंतीवर आदळलें, तर उत्तर सांगण्याची घाई करूं नये. कागद मुलाच्या हातीं परत द्यावा व स्वस्थ बसावें.