फिरते बिऱ्हाड : रावेत ते सातारा

‘कॅरॅव्हॅन’ हा शब्द मूळचा फारसी ‘कारवान’. विलायतेची वारी करून तो चाकांवर स्वार होऊन परतला, आणि २०२१ साली महाराष्ट्र सरकारने त्याच्यासाठी स्वतंत्र पर्यटन धोरणही मुक्रर केले. गाडी भाड्याने घेताना करारनाम्यातील अनामतीच्या कलमाइतकेच लक्ष क्रमांकाच्या पाटीकडे असावे: काळ्या पाटीवर पिवळी अक्षरे असतील तरच ती स्वतः हाकण्यासाठी भाड्याने देता येते, पिवळीवर काळी असतील तर चालक सोबत हवा. रावेतहून बाह्यवळणाने कात्रज गाठून, खंबाटकीचा घाट चढून, जेथे १७०८ साली शाहू छत्रपतींचा राज्याभिषेक झाला त्या साताऱ्यास जावे. मात्र वाईकडे वाट वाकडी करून मेणवलीचा नाना फडणविसांचा वाडा आणि कृष्णेच्या घाटावर टांगलेली, वसईच्या मोहिमेतून आलेली पोर्तुगीज घंटा पाहिल्याखेरीज हा प्रवास मला तरी अपुराच वाटतो. परतताना एक मुक्काम पवना धरणाच्या काठी, तिकोना, तुंग व लोहगड यांच्या सान्निध्यात, राहुट्यांच्या शेजारी करावा. सांडपाण्याची टाकी तेथे रिती करू नये; धरणाचेच पाणी नदीपात्रातून रावेतच्या बंधाऱ्यावर येते, आणि तेथून उपसून, शुद्ध करून पिंपरी-चिंचवडच्या नळांना सोडले जाते.