ओल्या वायूचा हिशोब

नैसर्गिक वायूचं उष्मांक मूल्य कसं मोजतात, यावर लिहा, असं संपादकांनी सांगितलं. म्हणून एका अभियांत्रिकी महाविद्यालयाच्या प्रयोगशाळेत गेलो. समोर होता जंकर्स कॅलरिमीटर. पुढे विमानांमुळे नाव झालेल्या जर्मन अभियंता ह्यूगो जंकर्स यांनी एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी बनवलेला.

वायूची ज्योत, तिच्याभोवती वाहतं पाणी आणि पाणी किती तापलं हे सांगणारे थर्मामीटर, एवढं चटकन समजतं. मी रेंगाळलो तो वायूचं घनफळ मोजणाऱ्या मीटरपाशी. अर्ध्याहून अधिक पाण्यात बुडालेल्या ड्रमच्या कप्प्यांत वायू शिरतो, ड्रम फिरतो, काटा सरकतो. प्रयोगशाळा सहायक पाण्याची पातळी पुन्हा पुन्हा बघत होते. पातळी चढली तर कप्पे आक्रसतात आणि काटा खऱ्यापेक्षा जास्त घनफळ दाखवतो. त्यांच्या या काटेकोरपणाचं मला फार कौतुक वाटलं.

पण याच पाण्यातून जाताना कोरडा वायू ओला होतो. हवेच्या साध्या दाबाला, 15 अंश सेल्सिअसवर, संपृक्त, म्हणजे पूर्ण ओल्या वायूत वाफ सुमारे 1.7 टक्के असते. 30 अंशांवर 4.2 टक्के. वाफ जळत नाही, जागा मात्र अडवते. घनमीटरमागे मिळणारी उष्णता त्याच प्रमाणात घटते. (ज्वलनातून तयार होणारी वाफ वेगळी, ती द्रवरूप होताना सोडते ती उष्णता धरली तर स्थूल मूल्य, सोडली तर निव्वळ.)

खरी अडचण पैशांत उतरते. पाइपलाइनमधला वायू जवळजवळ कोरडा असतो. अमेरिकेत दहा लाख घनफुटांत सात पौंडांपर्यंतच पाणी चालेल, ही नेहमीची अट. म्हणजे घनफळाच्या जेमतेम 0.015 टक्के. 1978च्या नॅचरल गॅस पॉलिसी अ‍ॅक्टने वायूच्या दरांची कमाल मर्यादा बीटीयू या उष्णतेच्या एककावर ठरवली. मग मूल्य कोरड्या वायूचं धरायचं की संपृक्त? फरक सुमारे 1.74 टक्के, आणि तोही साऱ्या देशाच्या वायूवर. केंद्रीय ऊर्जा नियामक आयोगाने कोरडं मोजमाप मान्य केलं, तेव्हा वायू विकणाऱ्यांना जास्त पैसे मिळू लागले. 1983मध्ये वॉशिंग्टनच्या अपील न्यायालयाने ते रद्द केलं: कायदा झाला तेव्हाची रीत संपृक्त वायूचीच होती. आयोगाला जादा वसुली परत करण्याचे आदेश काढावे लागले.

उष्मांक मूल्याचा आकडा कुठे वाचलात, तर वायू कोरडा की ओला, आणि तापमान व दाब किती, हे आधी विचारा.