संगणक कोरा झाला, तरी पत्रव्यवहार राहिला पाहिजे

व्यापाऱ्याची मत्ता गोदामातील पोत्यांत जितकी, तितकीच त्याच्या दप्तरात असते. कीर्द, खतावणी व सौद्याची पत्रे आपल्या वाडवडिलांनी जिवापाड जपली. आज तीच पत्रे ई-मेलच्या रूपाने संगणकात वसतात. वस्तु व सेवा कराच्या २०१७ च्या कायद्यान्वये हिशेबाची कागदपत्रे वार्षिक विवरणपत्राच्या मुदतीपासून ७२ महिने जतन करावी लागतात. आणि १ जुलै २०२४ पासून अमलात आलेल्या भारतीय साक्ष अधिनियमाच्या कलम ६३ प्रमाणे योग्य प्रमाणपत्र जोडल्यास ई-मेलही न्यायालयात पुरावा ठरू शकतो. म्हणून हा विषय आम्ही व्यापारीबंधूंपुढे मांडीत आहो.

विंडोज १० ची सर्वसाधारण मदत १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपली. कित्येक पेढ्यांना त्यामुळे संगणक रीसेट करण्याचा, म्हणजे कोरा करून पुन्हा मांडण्याचा प्रसंग येतो. अशा वेळी प्रथम एक गोष्ट पाहावी : आपली पत्रे मुळात कोठे आहेत?

आयमॅप पद्धतीत मूळ पत्र सर्व्हरवर राहते व संगणकावर केवळ नक्कल असते; खाते पुन्हा जोडले की पत्रे आपोआप उतरतात. पॉप पद्धतीत मात्र पत्र संगणकावर उतरल्यावर सर्व्हरवरून काढले जाऊ शकते. तेथे संगणकातील प्रत हीच एकमेव प्रत. ती गेली की पत्रव्यवहार गेला.

आउटलुक वापरणाऱ्यांनी पीएसटी व ओएसटी या दोन फाइलींतील भेद ध्यानी धरावा. ओएसटी ही सर्व्हरवरील पत्रांची छाया होय. ती उचलून दुसरीकडे उघडता येत नाही. जपावयाची ती पीएसटी. आउटलुक बंद करून तिची प्रत बाहेरच्या डिस्कवर घ्यावी. थंडरबर्ड वापरीत असल्यास त्याचे प्रोफाइल फोल्डर सबंध उचलावे.

संगणक पुन्हा मांडल्यावर ती पीएसटी आधी संगणकात उतरवून घ्यावी. बाहेरच्या डिस्कवरूनच वापरू नये. मग जुन्या धाटणीच्या आउटलुकात खाते जोडून ‘फाइल’, ‘ओपन अँड एक्स्पोर्ट’ आणि ‘ओपन आउटलुक डेटा फाइल’ या क्रमाने जावे. जुनी पत्रे डावीकडे निराळ्या पेटीत दिसू लागतात. ती चालू पेटीत मिसळावयाची असल्यास ‘इम्पोर्ट’ करावे. मात्र दुहेरी पत्रे न घेण्याचा पर्याय निवडावा, अन्यथा एकच पत्र दोनदा दिसेल.

माल उतरविल्यावर आपण पोती मोजून घेतो, तसेच येथेही करावे. सर्वांत जुने पत्र उघडावे, जोडलेले एखादे बिल उघडावे, आपण पाठविलेल्या पत्रांची पेटी पाहावी. ही खात्री पटेपर्यंत बाहेरच्या डिस्कवरील प्रत पुसू नये. त्यानंतरही एक प्रत पेढीवर व एक घरी ठेवावी. कारण आग वा चोरी दोन्ही ठिकाणी एकदम सहसा होत नाही.

मुलांवर वा कारागिरावर हे काम सोपविण्यास हरकत नाही; परंतु संगणक कोरा करण्यापूर्वी प्रत घेतली की नाही, आणि ती उघडते की नाही, हे मालकाने स्वतः डोळ्यांनी पाहावे. गोदामाची किल्ली आपण जशी स्वतःजवळ ठेवतो, तशीच ही दक्षताही स्वतःकडे ठेवावी, ही सर्व बंधूंस आमची विनंती आहे.