उत्तर कोकणचा ऐतिहासिक किनारा : सात दिवसांची निवांत सहल

वसईच्या खाडीपासून उत्तरेस गुजरातच्या सीमेपर्यंत पसरलेला पालघर जिल्ह्याचा किनारा मुंबईचे प्रवासी बहुधा एका दिवसात उरकतात. परंतु येथील स्थळे सुटी सुटी पाहिली, तर त्यांचा परस्परसंबंध ध्यानी येत नाही. बंदरे उदयास आली, सत्ता बदलल्या, बंदरे मावळली. हा क्रम समजून घेण्यास सवड हवी. पश्चिम रेल्वे किनाऱ्याच्या जवळून धावत असल्याने असा प्रवास अल्प खर्चातही होऊ शकतो.

प्रारंभ नालासोपाऱ्यापासून करावा. प्राचीन शूर्पारक बंदर ते हेच. १८८२ मध्ये पंडित भगवानलाल इंद्रजी यांनी येथील स्तूपाचे उत्खनन केले, तेव्हा अवशेषकरंडक व आठ लहान मूर्ती मिळाल्या. त्याच वर्षी अशोकाच्या आठव्या शिलालेखाचा तुकडा, तर १९५६ मध्ये जवळच्या भुईगाव येथे नवव्या लेखाचा तुकडा उजेडात आला. पुढे खाडी गाळाने भरत गेली आणि बंदराचे वैभव ओसरले.

दुसरा व तिसरा दिवस वसईसाठी राखून ठेवावा. १५३४ च्या तहाने वसई पोर्तुगीजांकडे गेली आणि त्यांच्या 'उत्तर प्रांता'ची राजधानी बनली. मे १७३९ मध्ये चिमाजी अप्पांच्या नेतृत्वाखाली मराठ्यांनी हा किल्ला जिंकला. येथील चर्चच्या घंटा विजयचिन्ह म्हणून नेण्यात आल्या. त्यांपैकी एक नाशिकच्या नारोशंकर मंदिरात पाहावयास मिळते. ३१ डिसेंबर १८०२ रोजी पेशवे व इंग्रज यांच्यातील तहही वसईतच झाला.

चौथ्या दिवशी वैतरणेच्या मुखाशी असलेला अर्नाळ्याचा जलदुर्ग पाहावा. तेथे होडीने जावे लागते. म्हणून भरती-ओहोटीची वेळ स्थानिक कोळी बांधवांना विचारून घ्यावी. १७३७ मध्ये हे बेट मराठ्यांच्या ताब्यात आले. पाचव्या दिवशी केळवे-माहीमची सुरूची बने, शीतलादेवीचे मंदिर, पानमळे व लहान किल्ले पाहावेत. सहाव्या दिवशी डहाणूस यावे. १९९१ मध्ये पर्यावरणदृष्ट्या संवेदनशील म्हणून घोषित झालेला हा तालुका चिकूच्या बागा व वारली चित्रकला यांसाठी प्रसिद्ध आहे. येथील जिव्या सोमा म्हसे यांना २०११ मध्ये पद्मश्री लाभली. शेवटचा दिवस बोर्डी व बहरोटच्या डोंगरातील लेण्यांसाठी ठेवावा. संजाणच्या पाडावानंतर पारशी समाजाने आपला पवित्र अग्नी याच लेण्यांत सुरक्षित ठेवला होता, अशी परंपरा आहे.

प्रवासासाठी नोव्हेंबर ते फेब्रुवारी हा काळ उत्तम.

शिक्षकांनी सहलीपूर्वी विद्यार्थ्यांकडून कालक्रमाचा तक्ता करून घ्यावा. किनाऱ्यावरील ग्रामपंचायतींनी माहितीफलक, पिण्याचे पाणी व स्वच्छतागृहे या साध्या सोयी केल्या, तरी प्रवासी गावात थांबतील आणि त्याचा लाभ स्थानिक कुटुंबांना होईल. सोपाऱ्याच्या खाडीत साचणारा गाळ रोखणे त्या काळी कोणाच्या हाती नव्हते. तटाचे दगड काढून नेणे व भिंतींवर नावे कोरणे मात्र आपण निश्चित थांबवू शकतो. या वास्तूंचे भवितव्य त्यांच्या सावलीत राहणाऱ्या गावांच्या जागरूकतेवरच अवलंबून आहे.