पाणी भरणारा मुलगा, गाण्यांचा राजा

२८ डिसेंबर २०१८ ची रात्र. हाँगकाँगचे कोलिझियम प्रेक्षकांनी तुडुंब भरलेले. रंगमंचावरचा ५७ वर्षांचा गायक गाता गाता थांबला. घसा साथ देईना. डोळ्यांत पाणी आणून त्याने सर्वांची माफी मागितली, कमरेत वाकून नमस्कार केला आणि कार्यक्रम अर्ध्यावर संपला.

हा गायक म्हणजे अँडी लाऊ. ज्या आवाजासाठी त्या रात्री एवढी गर्दी लोटली होती, त्याला एके काळी कोणी विचारतही नव्हते.

अँडीचा जन्म १९६१ चा. वडील अग्निशामक दलात. बालपण डायमंड हिलच्या झोपडवस्तीत गेले. घरात नळ नव्हता, त्यामुळे पोराला पाण्यासाठी दिवसात आठ-आठ खेपा घालाव्या लागत. पुढे ती लाकडी घरे आगीत भस्मसात झाली. अग्निशामकाचेच घर जळावे, याला काय म्हणावे!

शिक्षण संपल्यावर तो टीव्हीबी या दूरचित्रवाणी कंपनीच्या अभिनयवर्गात दाखल झाला. १९८३ मध्ये जिन योंग यांच्या कादंबरीवरील ‘रिटर्न ऑफ द काँडोर हीरोज’ ही मालिका आली आणि एक हात गमावलेला, आपल्या गुरूच्याच प्रेमात पडलेला तिचा नायक घराघरांत पोहोचला. पुढच्याच वर्षी तो एका मालिकेत सम्राट झाला, तर टोनी लिऊंग त्याचा लबाड मित्र. टीव्हीबीच्या ‘पाच वाघां’त दोघांची गणना होऊ लागली. पण पाच वर्षांच्या करारावर सही करायला अँडीने नकार दिला आणि कंपनीने त्याला कामच देणे बंद केले. घरोघरी ओळखीचा झालेला चेहरा पडद्यावरून गायब!

तो चित्रपटांकडे वळला. गाण्याचा नाद होताच, पण १९८५ चा पहिला अल्बम साफ पडला. आवाज सामान्य आहे, असे टीकाकार म्हणत. ते अगदीच खोटे नव्हते. तरी तो गातच राहिला. १९९० च्या अल्बमने नशीब पालटले आणि नंतर जॅकी चेऊंग, लिऑन लाई, ॲरन क्वॉक यांच्यासह तो कँटनीज संगीताच्या ‘चार स्वर्गीय राजां’त जाऊन बसला. (मराठीत ‘स्वर्गीय’चा अर्थ वेगळा, हे चौघे चांगले हयात होते!) एप्रिल २००० पर्यंत त्याच्या नावावर २९२ पुरस्कार जमा झाले. गिनीज बुकात त्याची नोंद झाली.

जमवलेला पैसा त्याने इतरांच्या चित्रपटांतही घातला. फ्रूट चॅनचा ‘मेड इन हाँगकाँग’ (१९९७) उरल्यासुरल्या फिल्मवर चित्रित झाला, तो त्याच्याच पाठिंब्याने. २००२ च्या ‘इन्फर्नल अफेअर्स’मध्ये जुना दोस्त टोनी पुन्हा समोर उभा ठाकला. त्याची हॉलिवूडने केलेली आवृत्ती २००७ मध्ये ऑस्कर घेऊन गेली.

पण घरातल्या सर्वांनी मिळून पाहावा असा त्याचा चित्रपट म्हणजे ‘अ सिंपल लाइफ’ (२०११). साठ वर्षे एकाच कुटुंबात राबलेली मोलकरीण अर्धांगवायूने आजारी पडते. ज्याला तिने लहानाचा मोठा केला, तो मालकाचा मुलगा आता तिची काळजी घेतो. इथे ना गाणी, ना मारामाऱ्या. अँडीने यात पैसाही घातला. मोलकरणीच्या भूमिकेसाठी डीनी यिप हिला व्हेनिसमध्ये सर्वोत्कृष्ट अभिनेत्रीचा मान मिळाला. पूर्वी तिने पडद्यावर कितीतरी वेळा त्याच्या आईचे काम केले होते.

२०१७ मध्ये थायलंडमध्ये चित्रीकरण चालू असताना घोड्याने त्याला खाली पाडले. ओटीपोटाच्या हाडाला जबर इजा झाली, महिनोन्महिने अंथरूण धरावे लागले. त्यातून उठून तो कोलिझियममध्ये उभा राहिला होता. म्हणूनच अर्ध्यावर थांबावे लागले, ते त्याला इतके लागले. २०२४ मध्ये तो पुन्हा दौऱ्यावर निघाला.