पुराआधीची औषधांची पिशवी

३१ ऑगस्ट २०२१ रोजी तितूर आणि डोंगरी नद्यांचं पाणी चाळीसगावात शिरलं. अशा वेळी माणूस गुरं सोडतो, धान्य उचलतो. बीपी-शुगरच्या गोळ्या मात्र फडताळातच राहतात. मग रुग्ण सांगतो, ‘ती पांढरी गोळी’. निम्म्या गोळ्या पांढऱ्याच असतात!

पंधरा दिवसांच्या गोळ्या, डॉक्टरांची चिठ्ठी, रेशनकार्ड, पासबुक, पीकविम्याचे कागद जाड प्लास्टिकच्या पिशवीत बांधून आताच उंचावर ठेवा. थोडी रोख हवीच. वीज गेली की एटीएमही बंद आणि फोनवरचे पैसेही अडतात. फ्रीज बंद पडला तर इन्सुलिन कोरड्या डबीत घालून ओल्या मडक्यात ठेवा. थेट बर्फावर नको. गोठलेलं इन्सुलिन फेकावंच लागतं. पुराच्या पाण्यात भिजलेल्या गोळ्याही वाळवून खाऊ नका.